‘पुढे काय झाले’ या रकान्याबद्दल

आदरणीय ताई,
सादर नमस्कार.

हे पत्र आपल्या घरी पाठवता आले असते. परंतु आपण आमच्या शाळेसाठी जे केलेत ते इतर शाळांतील शिक्षकांनाही कळावे, म्हणून सर्वांसमोर लिहीत आहे.

गेल्या वर्षी जूनमध्ये दांडिया बाजारातील आपल्या घरी मी आरोग्य कार्यक्रमाचा आराखडा घेऊन आले, तेव्हा त्यात उद्घाटन, व्याख्यान, योगासनांचे प्रात्यक्षिक आणि एका दिवसाचे तपासणी शिबिर असे सारे होते. आपण तो शांतपणे वाचलात आणि विचारलेत, "ज्या मुलात दोष आढळेल, त्याला नंतर कोण, कधी आणि कोठे घेऊन जाणार?" माझ्याकडे उत्तर नव्हते. आधीच्या शिबिराची पत्रके कपाटात तशीच पडून होती, आणि त्यांतील एका पत्रकावर ‘दृष्टी कमी’ असा शेरा असलेला मुलगा वर्षभर शेवटच्या बाकावर बसून शेजाऱ्याच्या वहीतून फळ्यावरचे उतरवून घेत होता, हे आपल्याला सांगताना मला रडू आवरले नाही. आपण एका शब्दाने दोष दिला नाहीत. नोंदवहीत ‘पुढे काय झाले’ असा रकाना आखून दिलात आणि त्या रकान्यापासून मागे येत सगळा आराखडा पुन्हा लिहायला लावलात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे, त्यात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तीसेक प्रकारच्या आरोग्यसमस्यांसाठी तपासणी होते आणि पुढील उपचारांचीही सोय असते, हे आम्हाला ऐकून माहीत होते. पण पथक आमच्या अनुदानित शाळेत येऊन गेले की आपले काम संपले, असे आम्ही धरून चाललो होतो. पथकाची तारीख आधी विचारून घ्यावी, वर्गशिक्षकांनी तोपर्यंत आपली निरीक्षणे लिहून ठेवावीत आणि त्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलांची वेगळी यादी करावी, हे आपण शिकवलेत. जे मूल वारंवार गैरहजर राहते, तेच बहुधा आजारी असते, हे आपले वाक्य मी यादीच्या वरच लिहून ठेवले आहे.

दृष्टी तपासण्याचा तो दिवस तर डोळ्यांसमोरून हलत नाही. सेवानिवृत्तीनंतरही, गुडघे दुखत असताना, आपण व्हरांड्यात खाली बसून टेपने ६ मीटर मोजलेत आणि खडूने रेघ ओढलीत. पाचवीतील एक मुलगी बोटांच्या फटीतून बघत होती. आपण तिचे बोट हळूच बाजूला केलेत आणि तळहाताची वाटी करून, डोळा न दाबता कसा झाकायचा ते दाखवलेत. तिला आता चष्मा आहे.

लोहाच्या निळ्या गोळ्यांबाबतही तसेच. आठवड्याला एक, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असलेली ती गोळी आमच्या कितीतरी मुली वहीच्या पानात गुंडाळून टाकून देत. गोळी मधल्या सुट्टीतल्या जेवणानंतरच द्यावी, लगेच चहा देऊ नये, डब्यात लिंबाची फोड असावी आणि शौचाचा रंग काळा होतो हे पालकांना आधीच सांगावे, अशी आपण तयार केलेली चिठ्ठी आम्ही मराठीत आणि गुजरातीत पाठवली. घाबरून येणारे फोन थांबले.

मात्र सर्वांत मोठी गोष्ट आराखड्यात नव्हतीच. मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, हे बाटल्या भरलेल्याच परत जात असल्याचे पाहून आपण ओळखलेत आणि व्याख्यानाऐवजी थेट मुलींच्या स्वच्छतागृहाकडे गेलात. दाराला आतून कडी नव्हती. दुसऱ्या दिवशी ती बसली. ज्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेथे एका कडीवाचून मुलींनी तहानलेले बसावे, याचे मला अजूनही वाईट वाटते.

आपल्या वेळेचे मोल आपण घेतले नाहीत आणि सत्कारही नाकारलात. म्हणून निदान हे शब्द स्वीकारावेत. नोंदवहीतील त्या रकान्यात अजून सात जागा रिकाम्या आहेत; दिवाळीच्या सुट्टीपूर्वी त्या भरून वही आपल्याला दाखवायला घेऊन येईन.

कळावे, लोभ असावा.

आपली कृतज्ञ,
शाळेच्या आरोग्य समितीची शिक्षिका, बडोदे