सिस्टर, तुमच्या तळहातातली ती कुपी

सिस्टर,

नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही. पण चोपड्याच्या त्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात कोण इंजेक्शन देतं ते गावाला ठाऊक आहे.

लेक सव्वा महिन्याची झाली. झोपलीय, म्हणून लिहायला बसले.

तुमच्याआधी एका मोठ्या दवाखान्यात गेलो होतो. बीजांचा साठा दाखवणारी रक्ततपासणी, एएमएच, ०.९ आली होती. डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं, "तुमचं वय निघून गेलंय, दुसऱ्या बाईचं बीज घ्या." सासूबाई शेजारीच बसलेल्या. फी मात्र आधीच भरून घेतली होती! तोच कागद तुम्ही पाहिलात आणि म्हणालात, "ह्याच्यावरून बीजं किती उरली त्याचा अंदाज येतो. ती कशी आहेत, हे यात कुठं लिहिलंय?" एवढं वाक्य ऐकायला मला दोन वर्षं लागली.

पुढे जळगावला टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार सुरू झाले. बीजं काढायच्या आधीच्या शेवटच्या इंजेक्शनच्या दिवशी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन, पिशवीचं अस्तर तयार करणारं संप्रेरक, १.८ निघालं, म्हणजे वेळेआधीच वाढलेलं. डॉक्टर म्हणाले, आता गर्भ गोठवू, नंतर पिशवीत सोडू. मला वाटलं, झालं, हेही गेलं. रडत तुमच्याकडे आले. तुम्ही म्हणालात, "अगं, ते आधीच वाढलं की पिशवीचं अस्तरही आधीच तयार होतं. पाहुणा पोचायच्या आत पंगत उठली तर त्याला वाढणार कोण? पुढच्या पंगतीला बसवू." त्या रात्री मला झोप लागली.

डिसेंबरच्या शेवटी गर्भ सोडला. त्याच दिवशी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन ८ निघालं. दहाच्या वर असावं असं डॉक्टरांचं म्हणणं, म्हणून आधीच्या औषधाच्या जोडीला रोज एक प्रोजेस्टेरॉनचं तेलातलं इंजेक्शन, गरोदरपणाचा दहावा आठवडा भरेपर्यंत. मोजली मी, ५१ झाली. देवाला नारळ वाहतात तशी.

पहिली दोन दुसरीकडे घेतली. कंपाउंडरनं गार तेल तसंच टोचलं. कमरेखाली लिंबाएवढी गाठ आली, एसटीत उभ्यानं आले. तिसऱ्या दिवशी तुमच्याकडे. थंडी अशी की केळीची पानं पिवळी पडलेली. तुम्ही कुपी घेतलीत, पण फोडली नाहीत. दोन्ही तळहातांत धरून चोळत राहिलात. मला वाटलं तुमचेच हात गारठलेत. तुम्ही म्हणालात, "तेल घट्ट झालंय वं माय, जरा कोमट होऊ दे." बाहेर सात-आठ माणसं रांगेत. कुणीतरी दार वाजवलंही. तुम्ही "थांबा" म्हणालात आणि चोळत राहिलात. त्यानंतर रोज तसंच. त्या दोन मिनिटांत बोलायचात मात्र दुसरंच काही, हरभऱ्याचं, लाइट गेल्याचं, तुमच्या सुनेच्या भरताचं.

गर्भ सोडल्याच्या दहाव्या दिवशी बीटा एचसीजी, म्हणजे दिवस राहिल्याची रक्ततपासणी, ७४ आली. नात्यातल्या एका बाईनं लगेच ऐकवलं, "आमच्या सुनेचं तर तीनशे होतं." काय मिळतं माणसांना, कोण जाणे. तुम्ही म्हणालात, "एका आकड्यावर नाचू नको अन् रडूही नको. दोन दिवसांनी किती वाढतो ते बघ." दोन दिवसांनी १६३ आला. मी तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्ही काहीच बोलला नाहीत, नुसतं नाक ओढल्याचा आवाज आला.

तुम्ही म्हणाल, हे माझं कामच होतं. असेल. पण काम तर तो कंपाउंडरही करत होता आणि मान वर न करणारे ते डॉक्टरही. तुमच्यासारखी माणसं पगारापुरतं मोजून देत नाहीत, आणि अशी माणसं तालुक्याच्या गावात, गळक्या छपराखाली भेटतात, याचं मला अजून नवल वाटतं.

सासूबाई मालिशचं तेल वाटीत घालून चुलीवर धरतात. मी हातावर घेऊन चोळते. त्या म्हणतात, हे कुठं शिकलीस?

भाऊबीजेला माहेरी चोपड्याला येतेय. लेकीला घेऊन दवाखान्यातच येईन. कळण्याची भाकरी आणि ठेचा आणते, त्या दिवशी डबा आणू नका.

तुमची,
एक्कावन्न इंजेक्शनवाली

(खरं तर तुमच्या हातची एकोणपन्नासच.)