स्टेजचा वायरमन वेगळा असतो, त्याला शिकवा कुणीतरी

मा. संपादक,
स.न.

गणपती दीड महिन्यावर आलेत आणि आमच्या लाइनमध्ये आत्तापासूनच फोन सुरू झालेत. ट्रस म्हणजे लाइट टांगायचा सांगाडा किती लागेल, शार्पी म्हणजे फिरत्या झोताच्या लाइट किती, एलईडी वॉल किती बाय किती, जनरेटर तुमचा का आमचा, सगळं विचारून होतं. पण गेल्या २६ वर्षांत एकाही मंडळानं, एकाही जत्रा कमिटीनं मला हे विचारलं नाही की बाबा अर्थिंग कुठं मारणार आहेस. म्हणून हे पत्र लिहितोय.

मी लाइटवाला. सुरुवात तमाशाच्या फडावर जनरेटर सांभाळण्यापासून केली, दसऱ्याला फड बाहेर पडला की बुद्धपौर्णिमेपर्यंत रोज नवं गाव, रोज नवं माळरान. पुढं ऑर्केस्ट्रा, नाटकं, लग्नाचे संगीत, आता मोठे इव्हेंट. वायरमनचा परवाना आहे माझ्याकडे. पण ती परीक्षा देताना मला मोटर स्टार्टर विचारला, घरातली वायरिंग विचारली, स्टेजबद्दल एक प्रश्न नव्हता. जे शिकलो ते बघून बघून आणि चटके खाऊन शिकलो, आणि आजची पोरंही तशीच शिकतायत हे बघून पोटात गोळा येतो.

गेल्या चैत्रात एका गावच्या जत्रेत ऑर्केस्ट्रा होता, साउंड दुसऱ्या पार्टीचा, लाइट माझी. संध्याकाळी वळीव पडून गेलेला, स्टेजवरचं मॅटिंग ओलं. गिटारवाला पोरगा तारांवर हात ठेवून गायला माइकजवळ आला आणि ओठ माइकला लागल्याबरोबर मागं फेकला गेला. नशीब की फेकला गेला, चिकटला नाही. नंतर बघितलं तर गिटारच्या अँपच्या, म्हणजे अँप्लिफायरच्या, थ्री पिनची वरची जाड पिन, म्हणजे अर्थची पिन, पकडीनं तोडलेली. कुणी तोडली? साउंडवाल्याच्याच पोरानं, आयटीआय पास. का तोडली म्हणून विचारलं तर म्हणाला, दादा हम येत होता, म्हणजे स्पीकरमधून घूं असा आवाज, पिन काढली की जातो. आणि त्याचं म्हणणं खोटं नाही, हम खरंच जातो! पण त्यासोबत अँपची बॉडी आणि गिटारच्या तारा अर्थविना राहतात, आत कुठं लीकेज झालं की करंट तारांवर येऊन थांबतो, माइक तिकडं साउंडच्या मिक्सरमधून जमिनीला बांधलेला असतोच, आणि या दोघांच्या मधला रस्ता म्हणजे गाणारा माणूस.

हे फक्त आपल्याकडंच होतं असं नाही. १९७२ साली इंग्लंडच्या शेजारी वेल्समध्ये स्वान्सी गावात लेस्ली हार्वी नावाचा गिटारवादक असाच अर्थिंग नसलेल्या माइकमुळं भर कार्यक्रमात स्टेजवरच दगावला. त्याला पन्नासपेक्षा जास्त वर्षं झाली तरी आपण अजून पिन तोडतोय. खरं तर हम घालवायचा साधा उपाय आहे, स्टेजवरचे अँप आणि मिक्सर एकाच डिस्ट्रिब्युशन बोर्डावरून द्यायचे म्हणजे दोन वेगळ्या अर्थिंगचं लूप होत नाही, आणि तरी राहिला तर डीआय बॉक्स म्हणजे गिटार आणि मिक्सरच्या मधे लावायचा डबा, त्याच्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबायचं, ते सिग्नलच्या वायरचं अर्थ तोडतं, मेनचं नाही. दोन वाक्यात सांगून होतं, पण त्या पोराला हे कुणी सांगितलंच नव्हतं तर त्याला बोल तरी काय लावू.

दुसरी गोष्ट न्यूट्रलची, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरची, आणि ही चांगल्या चांगल्या वायरमनला कळत नाही. पूर्वी आमच्याकडं १००० वॅटचे पारकॅन, म्हणजे डब्यातले जुने मोठे लाइट, असायचे, २४ लावले की २४ किलोवॅट, तीन फेजवर सारखे वाटले की फेजला ३५ अँपिअर आणि न्यूट्रलमध्ये जवळजवळ काही नाही. त्या हिशोबानं साडेतीन कोरची केबल चालायची, ज्यात न्यूट्रल अर्ध्या जाडीचा असतो. आता एलईडी आले, लोड एकदम उतरला, सगळे म्हणतात आता काय टेन्शन नाही. पण एलईडी आणि डिमर यांचा करंट सरळ साइन वेव्हसारखा नसतो, त्यातला तिसरा हार्मोनिक, म्हणजे मूळच्या तिप्पट वेगानं हेलकावणारा भाग, तिन्ही फेजमधून येऊन न्यूट्रलमध्ये एकमेकांना काटत नाही, उलट बेरीज होते. म्हणजे लोड सारखा वाटूनसुद्धा न्यूट्रल तापतो, आणि क्लँप मीटर, म्हणजे वायरभोवती अडकवून करंट मोजायचा मीटर, फक्त फेजला लावणाऱ्याला ते दिसतच नाही. आणि तो न्यूट्रल सैल होऊन सुटला की मग २३० जागेवर राहत नाही, कमी लोडच्या फेजवर तीनशेच्या वर व्होल्टेज चढतो आणि मिक्सर, वॉल, सगळं धुरात. म्हणून जोडताना आधी अर्थ, मग न्यूट्रल, मग फेज, आणि सोडताना बरोबर उलटं. हे मी माझ्या पोरांकडून पाढ्यासारखं म्हणवून घेतो.

अर्थिंगचं तर विचारूच नका. चैत्रातली माळरानाची कोरडी जमीन आणि भाद्रपदातला चिखल यात जमीन-अस्मानाचा फरक, तोच रॉड एका ठिकाणी चालतो दुसऱ्या ठिकाणी नुसता शोभेचा. कोरड्या जमिनीत दोन-तीन रॉड अंतर सोडून मारून एकत्र बांधायचे, पाणी ओतायचं आणि मीटर लावून बघायचं. जनरेटरच्या बॉडीला दोन अर्थिंग, न्यूट्रलला वेगळ्या दोन. न्यूट्रल जमिनीला बांधलेलाच नसेल तर ३० मिलिअँपची आरसीसीबी, म्हणजे लीकेज झालं की आपोआप लाइन तोडणारा स्विच, बसवून उपयोग नाही, पहिला फॉल्ट कळतच नाही, ती गप्प बसते, आणि दुसऱ्या फॉल्टला माणूस मधे सापडतो. ट्रस सगळा अॅल्युमिनियमचा, तोही अर्थला बांधला पाहिजे.

आणि आरसीसीबी सारखी ट्रिप होते म्हणून ती काढून लाइन डायरेक्ट जोडणारे मी डोळ्यानं बघितलेत. एलईडी वॉलच्या प्रत्येक पॅनेलच्या पॉवर सप्लायमधून थोडं थोडं लीकेज असतंच, शंभर पॅनेल एका आरसीसीबीवर टाकले तर ती पडणारच, तिचा दोष नाही. वॉल चार-पाच भागात तोडा आणि प्रत्येकाला वेगळी द्या. पडते म्हणून काढून टाकायची ती चीजच नाही, तीच एक आहे जी माणूस चिकटल्यावर डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइन तोडते.

बाकी गोष्टी लोकांना ऐकून तरी माहीत असतात, एक्स्टेंशनची रीळ गुंडाळलेलीच ठेवून लोड दिला की आत वितळते, टेस्टर पेटला नाही म्हणजे लाइन बंद आहे असं धरायचं नाही, प्रत्येक लाइटला सेफ्टी चेन, वर चढणाऱ्याला हार्नेस, हायटेन्शनच्या तारेखाली ट्रस किंवा रथ उभा करायचा नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये तमिळनाडूत तंजावरजवळ मंदिराचा रथ तारेला लागून ११ माणसं गेली. आपल्याकडं गल्लीगल्लीत मूर्तीची उंची आणि कमानी दरवर्षी वाढतायत, तारा मात्र तिथंच आहेत.

शॉक बसलेल्याचं काय करायचं हेही कुणाला येत नाही, लोक चप्पल हुंगवतात, पाणी पाजतात, अंग चोळत बसतात. आधी मेन बंद, त्याच्याशिवाय हात लावायचा नाही. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच-सहा सेंटिमीटर खोल, अॅम्ब्युलन्स येईपर्यंत थांबायचं नाही, दमलात तर दुसऱ्यानं घ्यायचं. आमच्या नऊ जणांच्या टीममध्ये हे आता सगळ्यांना येतं, गावातल्या एका डॉक्टरांनी एका रविवारी उशीवर शिकवलं, पैसेही घेतले नाहीत.

इंग्लंडमध्ये कार्यक्रमांच्या तात्पुरत्या वायरिंगसाठी बीएस ७९०९ म्हणून वेगळं स्टँडर्ड आहे, अमेरिकेत स्टेज इलेक्ट्रिशियनची वेगळी परीक्षा आहे. आपल्याकडं वर्षभर जत्रा, उरूस, गणपती, नवरात्र, इतकं काम दुसरीकडं कुठं असेल? माझं मागणं एवढंच आहे की प्रत्येक तालुक्याच्या आयटीआयमध्ये गणपतीच्या आधी तीन दिवसांचा वर्ग ठेवावा, शनिवार-रविवार धरून, कारण बाकीचे दिवस पोरं कामावर असतात. शिकवायला आमच्यातली जुनी माणसं फुकट येतील, मी तर येईनच. आणि मंडळांनी परवानगीच्या कागदांसोबत अर्थिंगचं रीडिंग आणि आरसीसीबी टेस्ट केल्याचा कागद लाइटवाल्याकडून सही घेऊन मागावा. मागितला की आम्ही देऊ, कुणी मागतच नाही.

त्या गिटारवाल्या पोराचा परवा फोन आला होता, नवरात्रात त्याचे सहा कार्यक्रम आहेत. अँपची पिन नवीन बसवून घेतली म्हणाला.

आपला,
एक लाइटवाला, जि. सातारा
(नाव छापू नये ही विनंती)