बाबा, ऑपरेशन दीड महिना पुढे ढकललंय

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुमच्या मणक्याच्या ऑपरेशनची तारीख मी डॉक्टरांशी बोलून दीड महिना पुढे घेतली आहे. तुम्हाला न विचारता. फोनवर सांगितलं असतं तर "बरं बरं" म्हणून तुम्ही फोन आईकडे दिला असता, म्हणून लिहितेय. रात्री कूस बदलताना काय होतं ते आई सांगते मला. पण पायातली ताकद शाबूत आहे, लघवीवर ताबा आहे, तेव्हा थांबलं तर चालेल, असं डॉक्टर तपासून म्हणाले. मगच मी हो म्हटलं.

कारण बिडी. ऑपरेशनआधी ती सुटायला हवी. रागावू नका, पुढे वाचा.

या ऑपरेशनमध्ये मणके एकमेकांना जोडतात. त्यात बसवलेले स्क्रू आणि सळ्या मणके फक्त धरून ठेवतात. जोडतं ते हाड. कमरेच्या हाडाचे तुकडे तिथे भरतात आणि ते एकजीव व्हायला सहा महिने, कधी वर्षही लागतं. आपल्या स्लॅबचं सेंट्रिंग लवकर काढायला निघालेल्या गवंड्याला तुम्ही कसं झापलं होतं! स्क्रू म्हणजे ते सेंट्रिंग. आत हाड धरलंच नाही, तर तेही ढिले होतात, तुटतात, आणि पाठ पुन्हा उघडायची वेळ येऊ शकते. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात, धुरामुळे रक्तातला प्राणवायू कमी पडतो, हाड बनवणाऱ्या पेशी मंदावतात.

2000 साली अमेरिकेत अशाच 357 रुग्णांचा अभ्यास छापून आला. सिगारेट न ओढणाऱ्यांत 14 टक्क्यांचं हाड जुळलं नाही, ऑपरेशननंतरही ओढत राहिलेल्यांत 26 टक्क्यांहून जास्त. पण ऑपरेशननंतर सहा महिन्यांहून अधिक काळ ज्यांनी सोडली, त्यांच्यात ते 17 टक्क्यांवर आलं. बाबा, "एवढी वर्षं ओढली, आता काय फरक पडणार" याचं उत्तर हे आहे. पडतो.

माझा हात मोडला होता तेव्हा आई शाळेला गेली की माझी वेणी तुम्ही घालायचात. हाड नीट जुळायला हवं म्हणून पेरूच्या झाडाला हातही लावू दिला नव्हतात. मी किती रडले, तरी नाही.

इकडची काळजी नको. खालची खोली रिकामी केली आहे, कमोड बसवलाय, पलंग उंच आहे, वाकावं लागणार नाही. सकाळी पेपर आणि आल्याचा चहा वेळेवर मिळेल. आई, तुझे देव पूर्वेच्या खिडकीत मांडू.

आता ऐका. बिडी सोडून तंबाखूचा बार भरायचा नाही, निकोटिन तेच. निकोटिनची च्युइंगगम डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. तलफ आली की तंबाखू सोडवणाऱ्या सरकारी हेल्पलाइनला, 1800-11-2356 वर फोन लावा, फुकट आहे, मराठीत बोला. संध्याकाळी टपरीवरून न जाता मारुतीच्या बाजूने फिरा. ऑपरेशननंतर दुखलं तरी मनाने गोळ्या घ्यायच्या नाहीत, काही वेदनाशामकं हाड धरण्यात अडथळा आणू शकतात.

आई, पिठाच्या डब्यामागचं बंडल तू फेकू नकोस. ते बाबाच टाकतील. चिडचिड करतील, जेवणाला नावं ठेवतील, तेव्हा मला फोन कर, कितीही वाजलेले असोत.

शुक्रवारी रक्त तपासायला माणूस येईल. उपाशी राहा, चहासुद्धा नाही.

तुमची,
मनू