नवीन नाटकाचं वाचन, रविवारी ५ वाजता

मंडळी, राज्य नाट्य स्पर्धेसाठीच्या नवीन नाटकाचं पहिलं वाचन येत्या रविवारी संध्याकाळी ५ ला, नेहमीच्याच हॉलवर. सगळ्यांनी या, बॅकस्टेजवाल्यांनी पण.

गोष्ट थोडक्यात: कुडाळकडचा पोरगा, बापाला त्याने दुकान सांभाळायला हवंय आणि हा घरातून पळून दशावतारी कंपनीत (दशावतार म्हणजे कोकणातलं लोकनाट्य) जातो, स्त्रीपार्ट करायला लागतो आणि तिथे त्याला स्वतःबद्दल जे कळतं ते घरी कसं सांगायचं, हा सगळा दुसरा अंक. मला तरी आईचा रोल सगळ्यात भारी वाटला.

- स्क्रिप्टची पीडीएफ ग्रुपवर टाकलीये, वाचून या. बाहेर फॉरवर्ड करू नका प्लीज.
- दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, जागेवरच बोलतात, त्यामुळे नाटकातला दशावताराचा प्रवेश मुद्दाम मोकळा ठेवलाय. मालवणी येणाऱ्यांनी त्यात नक्की ट्राय करा.
- पखवाज, झांज वाजवणारं कोणी असेल तर आत्ताच सांगा, पेटीवाला आहे.
- परिनिरीक्षण मंडळाकडे (नाटक तपासून प्रयोगाला परवानगी देणारं सरकारी मंडळ) संहिता पाठवायचीये, म्हणून बदल सुचवायचे ते रविवारीच, नंतर ऐकणार नाही.
- रोल वाचनानंतर ठरतील, आधी पर्सनलवर मेसेज नकोत.

येणार असाल तर खाली नाव टाका, वडापाव त्या हिशोबाने सांगतो.