खडा दिसला नाही, तर धमनीकडे पाहावे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कुशीत कळ आली की घरचे, शेजारचे आणि पुष्कळदा डॉक्टरही प्रथम मुतखड्याचेच नाव घेतात आणि बहुतेक वेळा ते खरेही ठरते. माझ्या ३६ वर्षांच्या धाकट्या बहिणीच्या बाबतीत ते खरे नव्हते. गेल्या श्रावणात सिंहगड रस्त्यावरच्या तिच्या घरी पहाटे उजव्या कुशीत एकाएकी कळ उठली आणि उलट्या सुरू झाल्या. रुग्णालयात कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या उजळ दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते औषध) न देता सीटी स्कॅन काढला, त्यात खडा नव्हता. ‘पडून गेला असेल’ असे सांगून वेदनाशामक गोळ्या देऊन तिला घरी पाठवले.

आठवडाभर अंगात कसकस राहिली, रक्तदाब १६०/१०० च्या खाली येईना, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी सीटी अँजिओग्राफी (कॉन्ट्रास्ट देऊन रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन) करायला लावली. मूत्रपिंडाच्या धमनीला जिथे फाटे फुटतात, तिथे बोराएवढा फुगा आला होता. संगणकाच्या पडद्यावर सारे मूत्रपिंड उजळ दिसत होते, फक्त खालचा पाचरीच्या आकाराचा भाग काळा होता. फुग्यात साकळलेल्या रक्ताची गुठळी सुटून पुढच्या फाट्यात अडकली होती आणि तेवढे मूत्रपिंड रक्तावाचून मेले होते. तो भाग आता परत येणार नाही. दुसरे मूत्रपिंड धडधाकट असल्यामुळे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारा रक्तातील घटक) मात्र सर्वसाधारणच राहिले आणि म्हणूनच कोणाला शंका आली नाही.

हा विकार दुर्मीळ आहे, हे मला मान्य आहे. बहुधा तो दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत सापडतो, आणि लहान, त्रास न देणाऱ्या फुग्यावर नुसती नजर ठेवली तरी चालते. परंतु धमनीच्या भिंतीची रचनाच बिघडल्याने येणारे असे फुगे तरुण स्त्रियांमध्ये आढळतात, आणि गरोदरपणात फुगा फुटला तर आई व बाळ दोघांच्याही जिवावर बेतते. म्हणून मूल होण्याच्या वयातील स्त्रीचा फुगा लहान असला तरी त्यावर उपचार करण्याचा सल्ला दिला जातो. बहिणीच्या फुग्यात मांडीतील धमनीवाटे नळी नेऊन तारेची वेटोळी भरली.

कुशीत दुखणाऱ्या प्रत्येकाची अँजिओग्राफी करावी, असे मी म्हणणार नाही. त्यात खर्च आहे, किरणोत्सर्ग आहे. पण खडा दिसत नाही, दुखणे थांबत नाही आणि रक्तदाब चढलेला आहे, अशा वेळी निदान रक्तातील एलडीएच (पेशी मेल्या की रक्तात उतरणारे एक विकर) तपासावे. मूत्रपिंडाचा भाग मेला असेल तर ते बहुधा वाढलेले सापडते आणि ही तपासणी साधी आहे. दुसरी विनंती शहरातील तपासणी केंद्रांना आहे. कॉन्ट्रास्टविना काढलेल्या स्कॅनमधून मूत्रपिंडाच्या रक्तपुरवठ्याविषयी निष्कर्ष काढता येत नाही, एवढे एक वाक्य अहवालाखाली मराठीत छापावे. बहिणीच्या पहिल्या अहवालात ‘खडा नाही’ एवढेच होते आणि आम्ही ते वाचून निर्धास्त झालो होतो.

आपली विश्वासू,
एक वाचक, सहकारनगर, पुणे