आधी पूर्ण वाचा, मग फोन करा

आई, बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर आई तू अर्ध्यातच रडली असती अन् बाबांनी फोन ठेवून दिला असता, म्हणून लिहून राहिली. दादा वाचून दाखवेल. मी नाकाचं ऑपरेशन केलं, नागपूरला, प्लास्टिक सर्जनकडे. नीट झालं, प्लास्टर पण निघालं, मी बरी आहे.

श्वासाचा त्रास होता असं सांगता आलं असतं, पण तुमच्याशी खोटं नाही बोलायचं. आतला पडदा वाकडा होता तो डॉक्टरांनी सोबतच सरळ केला, पण मी गेली ती वरच्या उंचवट्यासाठी. त्या पाहुण्यांच्या बोलण्यामुळे केलं असं मनात पण आणू नका. मला स्वतःलाच कॉलेजपासून वाटत होतं, फोटोत मान वळवायची, मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवायची, किती वर्षं तसं राहायचं. पैसे माझ्याच पगारातले, विमा दिसण्याच्या ऑपरेशनला काही देत नाही म्हणून थांबून थांबून साठवले. पीककर्जाचे वेगळे ठेवले आहेत, त्याला हात नाही लावला.

बाबा, ते नाक आजीचं, मग तुमचं, मग माझं, मला माहीत आहे. नको झालं म्हणून नाही केलं. सर्जनला पहिलंच म्हटलं की हिरोईनसारखं नको, आमच्या घरचंच दिसलं पाहिजे, फक्त मधलं हाड थोडं घासा. अन् देवानं दिलेल्याला हात लावायचा नाही म्हणाल तर १७९३ मध्ये पुण्याजवळ आपल्याकडच्याच एका वैद्यानं कावसजी नावाच्या गाडीवानाचं कापलेलं नाक कपाळाची कातडी वळवून नवीन बसवलं होतं, मेणानं माप घेऊन, अन् पुढच्या वर्षी ते लंडनच्या मासिकात चित्रासकट छापून आलं. सुश्रुतानं तर त्याच्या कितीतरी आधी नाक जोडायचं लिहून ठेवलं. तुम्हाला इतिहास आवडते म्हणून सांगितलं.

जेवणाचं टेन्शन घेऊ नको आई. मेसवाल्या काकू मऊ खिचडी अन् वरण-भात रूमवर आणून देत होत्या. सुरुवातीला डोळ्याखाली काळंनिळं होतं, मग पिवळं पडलं, आता गेलं. दोन उशा घेऊन झोपते, नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं. चष्म्याचं वजन नाकावर चालत नाही म्हणून कपाळाला चिकटपट्टीनं लावते. शेंडा अजून सुन्न आहे, सूज पूर्ण उतरायला वर्षभर लागते, म्हणून दिवाळीत मला पाहून लगेच काही ठरवू नका. नाकातली मुरणी डब्यात जपून ठेवली आहे, डॉक्टर हो म्हणाले की घालते.

आजी सांगायची, मी लहान असताना तू अंघोळीआधी तेल लावून माझं नाक चिमटीत धरून वर ओढायची, सरळ व्हावं म्हणून. परवा रात्री झोप येत नव्हती तेव्हा तुझा तो तेलकट हात लय आठवला, असं वाटलं की तू बाजूला बसून केसातून हात फिरवावा.

आता ऐका. बाबा, फवारणीला मास्क, चष्मा अन् हातमोजे घातल्याशिवाय वावरात पाय ठेवायचा नाही, गरम होते म्हणून काढायचे नाही, अन् वाऱ्याच्या उलट दिशेला फवारायचं नाही. २०१७ ला आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती जण गेले, तुम्ही पाहिलं आहे. बीपीची गोळी बरं वाटलं तरी बंद करायची नाही. आई, तू गुडघ्याचा एक्स-रे काढून घे, कापूस वेचायला यंदा बाई लाव, पैसे मी पाठवते. अन् आत्याला कोणी विचारायच्या आधीच सांगून टाका, लपवण्यासारखं काही नाही.

शनिवारी संध्याकाळी व्हिडीओ कॉल करते. बाबा, त्या वेळी गोठ्यात जाऊन बसू नका, आईच्या बाजूला बसा. रागवायचं असेल तर रागवा, पण माझ्याकडे पाहून रागवा.

तुमची,
बबली