जनरेटरचा हिशेब मागितला तर शेडला कुलूप

संपादक महोदय,

वीज खात्यातून निवृत्त झाल्यावर मिळालेल्या पैशांतून मी पर्वरीत सदनिका घेतली. वसाहतीत ८४ सदनिका आहेत. बिल्डरने ताबा देतानाच दोन वर्षांचा देखभाल खर्च आगाऊ घेतला आणि सगळा कारभार एका खासगी कंपनीकडे सोपवला. ती कंपनी आम्ही निवडली नाही, तिच्याशी झालेला करारही आम्हाला आजवर दाखवलेला नाही. पैसे मात्र आम्हीच भरतो.

गेल्या जूनच्या बिलात जनरेटर ५८ तास चालल्याचे दाखवून डिझेलचे पैसे लावले होते. पावसात वीज जाते हे मला कोणी सांगायला नको, पण ५८ तास? जनरेटरच्या पॅनेलवर तो किती तास चालला हे दाखवणारा मीटर असतो. महिन्याच्या पहिल्या दिवशी वॉचमनला सोबत घेऊन मी त्यावरचा आकडा सहज वहीत टिपून ठेवला होता. ३० तारखेला पुन्हा पाहिला. फरक १९ तासांचा. आयुष्यभर मीटर वाचले, हा वाचताना माझी चूक झालेली नाही. लेखी खुलासा मागितला. खुलासा आला नाही. आठवड्याभरात शेडला कुलूप लागले आणि त्या वॉचमनची दुसरीकडे बदली झाली. त्या बिचाऱ्याला माझ्यामुळे त्रास झाला, याचे मला आजही वाईट वाटते.

महिन्याच्या ३,४०० रुपयांवर कंपनी १८ टक्के जीएसटी लावते, म्हणजे आणखी ६१२ रुपये. आमची स्वतःची सोसायटी असती तर महिन्याला ७,५०० रुपयांपर्यंतच्या वर्गणीवर हा कर लागला नसता. तीन वर्षे झाली तरी सोसायटी नाही. विचारले की उत्तर ठरलेले, ‘बहुमत होत नाही.’ निम्म्याहून अधिक सदनिका दिल्ली-मुंबईच्या मालकांच्या. ते नाताळात चार दिवस येतात आणि बिल न वाचताच ऑनलाइन पैसे भरतात. कंपनीला आणखी काय हवे?

घरबांधणी व्यवसायाचे नियमन करणाऱ्या २०१६ च्या रेरा कायद्याचे ११ वे कलम स्पष्ट आहे. देखभाल सोसायटीच्या हाती जाईपर्यंत वाजवी दरात अत्यावश्यक सेवा देण्याची जबाबदारी बिल्डरचीच. स्थानिक कायद्यात वेगळी तरतूद नसेल तर निम्म्याहून अधिक सदनिकांचे बुकिंग झाल्यापासून तीन महिन्यांत सदनिकाधारकांची संस्था उभी राहायला हवी. तरीही बिल्डर आम्हाला कंपनीकडे पाठवतो आणि कंपनी ‘आमचा करार बिल्डरशी आहे’ म्हणून हात वर करते. ज्याचे पैसे त्यालाच जाब विचारायची सोय नाही, असा हा व्यवहार.

या कायद्याखालील गोवा रेरा प्राधिकरणाने अशा प्रत्येक वसाहतीचा देखभाल करार आणि वर्षाचा लेखापरीक्षित हिशेब बिल्डरकडून मागवून सदनिकाधारकांना द्यायला लावावा. सोसायटी झाल्यावर कंपनी ठेवायची की काढायची हे ठरवण्याचा हक्क तिला असावा, आणि शिल्लक रक्कम तिच्याच खात्यात जमा व्हावी. सहकार निबंधकांनीही रखडलेल्या सोसायट्यांमध्ये लक्ष घालावे. आमच्यापैकी अकरा जणांनी तक्रारीवर सह्या केल्या आहेत. त्यात कंपनीचे बिल आणि माझ्या वहीतले ते पान जोडले आहे. पर्वरी, दाबोळी, म्हापसा, कुठेही असा अनुभव आलेल्यांनी आपली बिले फेकू नयेत, तक्रार करताना लागतील.

– एक सदनिकाधारक, पर्वरी